पत्रिकांच्या खिडक्या

आमच्या सासूबाईंच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक असे. जुन्या लग्नपत्रिका, मिठाईचे रिकामे खोके, साड्यांच्या घडीतले पुठ्ठे, सुतळीची भेंडोळी, सारे तिच्यात नीट रचलेले असे. "लागेल कधीतरी" हे त्यांचे वाक्य घरात चेष्टेचा विषय झाले होते. एका दिवाळीच्या साफसफाईत माझा संयम सुटला. मी म्हणाले, "आई, मंदिरात रोज अपरिग्रहावर प्रवचन ऐकता, मग हा परिग्रह नव्हे का?" त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या दर्शनाला गेल्या असताना मी अर्धी ट्रंक रद्दीवाल्याला देऊन टाकली. परत आल्यावर त्यांनी ट्रंक उघडली, पाहिली आणि झाकण लावले. त्या वर्षी आमच्या दारात बाजारातला प्लॅस्टिकचा कंदील लागला. आजवर आकाशकंदील त्याच करीत आल्या होत्या, हे मला तो टांगताना आठवले.

त्या गेल्या त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. यंदा ट्रंक बाहेर काढली. उरलेल्या पत्रिकांना वरच्या बाजूस भोके दिसली. प्रथम वाटले, उंदरांनी कुरतडल्या. पण कडा सरळ होत्या, कात्रीने कापलेल्या. आपल्याकडच्या पत्रिकांवर अग्रभागी णमोकार मंत्र किंवा भगवंतांचे चित्र असते. ते रद्दीत जाऊ नये, कोणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून सासूबाईंनी प्रत्येक पत्रिकेतून तेवढा भाग वेगळा काढून एका पाकिटात ठेवला होता. मी रद्दीत दिलेल्या गठ्ठ्यातील पत्रिका अशा कापून झाल्या होत्या की नाही, हे आता कोणाला विचारणार?

कंदील त्या पत्रिकांचाच करायचा, असे ठरवले. बांबूच्या कामट्यांचा षटकोनी सांगाडा नातवाने बांधला. चिकटवायला मैद्याची खळ केली. पूर्वी मिळणारा सरस जनावरांच्या हाडाकातड्यांपासून बनवीत, म्हणून सासूबाई तो घरात आणू देत नसत. खळही त्या दिवसापुरतीच शिजवीत, कारण उरली तर तिला कीड लागते. माझी पहिली खळ गुठळ्यांची झाली, दुसरी पातळ झाली. तिसऱ्या वेळी मैदा आधी थंड पाण्यात कालवून घेतला, तेव्हा जमली. पत्रिकांतील त्या रिकाम्या चौकोनांच्या मागे आतला पातळ, अर्धपारदर्शक कागद लावला. आत पणती न ठेवता लहानसा दिवा सोडला. उघड्या ज्योतीवर झेपावून चिलटे मरतात, तेवढे तरी टळावे.

भेटींसाठी त्यांची सुती लुगडी होती. रेशीम त्यांनी फार वर्षांपूर्वी सोडले होते. एका लुगड्याचे पाणी गाळायचे गाळणे करावे, असा माझा विचार होता. शेजारच्या काकूंनी कापड उजेडात धरले आणि म्हणाल्या, "विरलंय गं, पाण्याला चालायचं नाही." मग काठाच्या बाजूच्या धड तुकड्यांच्या फराळाच्या पिशव्या शिवल्या. आत मिठाईच्या जुन्या खोक्यांना कागद लावून केलेले डबे. अगदी विरलेला, मऊ भाग पुतणीच्या बाळाच्या दुपट्याला दिला. त्याहून मऊ कापड दुकानात मिळत नाही.

तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटले आहे. त्या दृष्टीने पाहता, ट्रंकेतल्या वस्तूंवर सासूबाईंची किती आसक्ती होती आणि मोकळ्या, चकचकीत घरावर माझी किती होती, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

अमावास्येच्या पहाटे निर्वाण लाडू घेऊन मंदिरात निघालो, तेव्हा अजून अंधार होता. वर्धमान स्वामींचे पावापुरीचे निर्वाण याच पहाटेचे. दारातला कंदील पेटलेलाच होता. पत्रिकांवरची नावे आतल्या उजेडाने पुसट झाली होती आणि मंत्राच्या जागचे चौकोन तेवढे लख्ख दिसत होते. कापलेल्या मंत्रांचे पाकीट मात्र अजून देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे. त्याचे काय करावे, हे ठरलेले नाही.

पाडव्याला नणंदबाईंकडे फराळ दिला. पिशवीचा काठ त्यांनी लगेच ओळखला. आठ दिवसांनी डबा परत आला, रिवाजाप्रमाणे रिकामा नाही, शेंगदाण्याचे लाडू घालून. पिशवी आली नाही. मीही मागितली नाही.