दिवा बाहेर ठेवायचा

आमच्या लॅबमध्ये पाहुणे आले की त्यांना आधी चिप दाखवतात. नखाएवढी, चकचकीत, भिंगाखाली धरली की तिच्यावरच्या वळणदार रेघा दिसतात. या रेघांतून प्रकाश जातो आणि जाता जाता गुणाकार करतो, असं सांगितलं की लोक माना डोलावतात, फोटो काढतात. चिपच्या शेजारी ॲल्युमिनियमची एक पेटी असते. तिच्यातून पिवळी पॅच कॉर्ड निघून चिपपर्यंत जाते. त्या पेटीकडे कोणी बघत नाही. माझा पगार त्या पेटीवर चालतो. तिच्यात लेसर आहे. तो किती उजेड देतो, किती स्थिर देतो आणि किती वर्षं देईल हे मोजणं माझं काम.

मी शास्त्रज्ञ नाही. मी मूळचा नांदगाव खंडेश्वरचा. अमरावतीहून यवतमाळकडे जाताना लागतं ते. बाहेरच्या लोकांना खंडेश्वराचं काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ माहीत असतं. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून फलकावरचं नावही माहीत झालं आहे. अमरावतीला आयटीआय केलं आणि एका ठेकेदाराकडे फायबर जोडायच्या कामाला लागलो. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर टाकायचं काम तेव्हा जोरात होतं.

आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि तिच्यातले चेंबर वर्षभरात तिरके होतात. कुठे रस्त्याचं खोदकाम निघालं की केबल तुटलीच म्हणून समजायचं. मग आम्ही निघायचो. ओटीडीआर नावाचं यंत्र एका टोकाला लावलं की ते काचेत लेसरचे झटके सोडतं, परत येणारा अंधुक उजेड मोजतं आणि तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते सांगतं. तिथे खणायचं, केबल सोलायची, एकेक तंतू स्पिरिटनं पुसायचा, क्लीव्हरनं सरळ कापायचा आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. ठिणगी उडते, काच वितळते, तंतू एक होतो. केसाच्या जाडीच्या या तंतूत उजेड जातो तो मधल्या फक्त ९ मायक्रॉनच्या वाटेनं. वाऱ्यानं एक कण बसला तरी जोड वाया. म्हणून मे महिन्यातसुद्धा गाडीच्या काचा लावून आत बसायचो. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला रुमाल.

एकदा आमच्या घरचे मोठेबाबा शेताच्या धुऱ्यावर माझं काम बघत उभे राहिले. त्यांना म्हटलं, टोकात डोकावू नका, डोळा जाईल. त्यांनी सांभाळून लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "याच्यात त काईच दिसत नाही!"

"दिसत नाही मोठेबाबा, पण उजेड हाय त्याच्यात."

"दिसत नाही त मंग उजेड कायचा रे तो?"

प्रश्न चोख होता. घराघरांत इंटरनेट नेणाऱ्या फायबरमध्ये बहुतेक ठिकाणी येताना १४९० आणि जाताना १३१० नॅनोमीटरचा प्रकाश असतो. माणसाचा डोळा साधारण ७०० पर्यंतच पोचतो. त्यापलीकडचं दिसत नाही, पण इजा होते. मी त्यांना लाल पेन दाखवलं. तुटका तंतू शोधायला आम्ही वापरतो तो दिसणारा लाल लेसर. तंतू जिथे मुडपला होता तिथे लाल ठिपका पेटला. मोठेबाबांचं तेवढ्यानं समाधान झालं. माझं झालं नाही. त्या दिवसापासून मी केबलपेक्षा दिव्याचाच जास्त विचार करू लागलो.

बंगळुरूच्या या कंपनीत मी ओळखीतल्या एकाच्या सांगण्यावरून आलो. मुलाखतीत मला गणित विचारलं नाही. निळा आणि हिरवा कनेक्टर पुढे ठेवून फरक विचारला. फायबरवाल्याला ते पाठच असतं. हिरव्याचं तोंड ८ अंश तिरकं घासलेलं असतं, म्हणजे आदळून परतणारा प्रकाश आल्या वाटेनं मागे न जाता बाजूला सांडतो. "मागे गेला तर काय बिघडतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लेसर बावचळतो. त्या उत्तरावर ते हसले आणि मला घेतलं.

बावचळतो म्हणजे काय ते इथे आल्यावर नीट कळलं. लेसरमध्ये दोन आरशांच्या मध्ये प्रकाश येरझारा घालतो आणि वाढत जातो. बाहेरून परतलेला थोडासा प्रकाशही आत शिरला तर त्याची लय बिघडते, उजेड थरथरतो, रंग सरकतो. इंटरनेटच्या फायबरमध्ये थोडी थरथर खपते. तिथे दिवा चालू की बंद एवढंच ओळखायचं असतं. आमच्या चिपमध्ये ते चालत नाही. इथे उजेडाची मात्रा हीच संख्या असते. २५६ पायऱ्यांत संख्या मोजायची म्हटली तर एका पायरीचा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दिवाच तेवढा हलला तर सातचा आठ होतो, आणि गणित चुकलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही चिप काम कसं करते ते थोडं सांगतो. प्रकाशाची एक वाट दोन फाट्यांत विभागायची, पुढे ते फाटे पुन्हा जुळवायचे. एका फाट्याजवळ बारीकसा हीटर. तापवलं की त्या फाट्यातल्या लाटा थोड्या मागे पडतात आणि पुन्हा जुळताना दोन्हींची बेरीज किंवा काटाकाट होते. किती तापवायचं ते आपल्या हातात, म्हणजे किती पटीनं गुणायचं ते आपल्या हातात. असे शेकडो फाटे जाळीत बसवले की संख्यांच्या मोठ्या कोष्टकाचा गुणाकार प्रकाश आरपार जाण्यातच होऊन जातो. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता बहुतांशी हेच गुणाकार करत बसलेली असते. अमेरिकेच्या एमआयटीतल्या गटानं २०१७ साली असे ५६ जोड-फाटे एका सिलिकॉन चिपवर बसवून माणसाच्या उच्चारातले चार स्वर ओळखून दाखवले. शंभरातले सत्त्याहत्तरच्या आसपास बरोबर आले. तेच काम नेहमीच्या संगणकानं ९१ टक्क्यांच्या वर केलं. तरी त्या प्रयोगानंतर या क्षेत्रात पैसा आला.

गोम अशी की सिलिकॉनची चिप प्रकाश वाहून नेते, वळवते, मोजते, पण स्वतः पेटत नाही. तिला वीज दिली तर ऊर्जा उष्णतेत जाते, उजेडात जवळजवळ नाहीच. उजेडासाठी गॅलियम आर्सेनाइड नाहीतर इंडियम फॉस्फाइड लागतं. १९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांच्या गटानं गॅलियम आर्सेनाइडचा पहिला लेसर पेटवला तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून, तोही झटक्याझटक्यानं. साध्या खोलीच्या तापमानात सतत पेटणारा लेसर यायला १९७० उजाडलं. आपल्याकडेही साठच्या दशकातच ट्रॉम्बेला गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला होता आणि त्यावरून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत हवेतून आवाज पाठवायचा प्रयोग झाला होता. कार्बन डायऑक्साइडचा लेसर, ज्यानं आज कारखान्यात पत्रे कापतात, तो १९६४ साली शोधणारे कुमार पटेल जन्मानं बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

तर दिवा एका पदार्थाचा आणि चिप दुसऱ्याची. दोन्ही जोडायचं काम माझ्या वाट्याला आलं, कारण जोडणी मला येत होती. पण ९ मायक्रॉनच्या वाटेतून आलेला प्रकाश इथे अर्ध्या मायक्रॉनच्या रेघेत घालायचा असतो. तिथे ठिणगी टाकून वितळवता येत नाही. हादरे न लागणाऱ्या टेबलावर तंतूचं टोक सहा दिशांनी हलवत, पॉवर मीटरचा आकडा बघत जागा शोधायची आणि मग अतिनील प्रकाशानं गोंद पक्का करायचा. गोंद आवळताना किंचित आकसतो आणि हातची जागा निसटते. पहिल्या महिन्यांत गोंदानं मला जेवढं रडवलं तेवढं काळ्या मातीनंही रडवलं नव्हतं.

जोड चांगला बसला तरी उजेडाची उधळण संपत नाही. एका दिव्यातून चिपच्या ६४ वाटांना प्रकाश द्यायचा म्हटलं तर प्रत्येकीला चौसष्टावा हिस्सा, म्हणजे १८ डीबी तिथेच गेले. मोठेबाबांच्या संत्र्याच्या ओळीत ड्रिपच्या मेन लाइनमधून जितक्या नळ्या फोडाल तितका शेवटच्या झाडाला दाब कमी, तसंच. शिवाय प्रत्येक जोडाला, प्रत्येक वळणाला थोडंथोडं गळतं. शेवटच्या टोकाला इतका उजेड उरला पाहिजे की मोजणाऱ्याला तो गोंधळातून वेगळा काढता यावा. म्हणून मोठा दिवा हवा. मोठा दिवा म्हणजे जास्त वीज, आणि त्यातली बरीचशी उजेडात न जाता उष्णतेत जाते. उष्णता हीच लेसरची वैरी.

तापमान एक अंशानं वाढलं की आमच्या लेसरचा रंग साधारण ०.१ नॅनोमीटरनं सरकतो. ऐकायला काहीच नाही. पण चिपवरच्या रेघा ठरावीक रंगासाठी घडवलेल्या असतात. म्हणून पेटीत लेसरच्या खाली पेल्टियरची चकती असते. वीज दिली की ती एका बाजूनं थंड आणि दुसऱ्या बाजूनं गरम होते, आणि लेसरला एकाच तापमानावर धरून ठेवते. ही राखणदार चकती स्वतःच बरीच वीज खाते.

दुसरी गोष्ट आयुष्याची. गरम जागेत लेसर लवकर म्हातारा होतो. किती लवकर, हे बघायला दहा वर्षं कोण थांबणार? म्हणून नमुने ओव्हनमध्ये ८५ अंशांवर हजारो तास पेटते ठेवतात, उजेड किती घटतो ते मोजतात आणि त्यावरून नेहमीच्या तापमानातलं आयुष्य काढतात. एका उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा हे सांगत होतो. बाहेर पारा ४४-४५ वर, कूलरचं पाणी संपलेलं. मोठेबाबा म्हणाले, "पंच्याऐंशी? मंग इतला खर्च कायले करता बाप्पा? मे महिन्यात आपल्या टिनाखाली आणून ठेवा, फुकटात परीक्षा होते." मी हसलो, पण बंगळुरूला परतल्यावर हे साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, विदर्भात डेटा सेंटर टाकायचं म्हटलं तर थंडाव्याचा हिशेब आधी हाच करावा लागेल.

याच कारणानं आता पुष्कळ जण म्हणतात की दिवा चिपवर बसवूच नका. गणिताची चिप तापते. तिच्या अंगावर लेसर ठेवणं म्हणजे त्याला ओव्हनमध्येच ठेवणं. त्यापेक्षा तो वेगळ्या पेटीत, यंत्राच्या पुढच्या थंड बाजूला ठेवावा, फायबरनं उजेड आत न्यावा, आणि बिघडला की पेटी उपसून दुसरी खुपसावी. चिप टिकते, लेसर मरतो. मग मरणारी वस्तू हाताशी हवी. मला हे पटतं. दुसरा पक्ष इंडियम फॉस्फाइड थेट सिलिकॉनवर चिकटवतो, म्हणजे जोडाची गळती वाचते. २००६ मध्ये इंटेल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरातल्या गटानं तसं करून दाखवलं होतं. आमच्या चहाच्या टेबलावर हा वाद अजून मिटलेला नाही.

जाहिरातींत 'प्रकाशाच्या वेगानं गणित' लिहिलेलं असतं ते मला रुचत नाही. सिलिकॉनमध्ये प्रकाश सेकंदाला लाख किलोमीटरच्याही खालच्या वेगानं जातो. खरा फायदा वेगळा आहे. गुणाकार करायला आत वेगळी वीज फारशी लागत नाही आणि एकाच रेघेतून अनेक रंग एकमेकांना धक्का न लावता जातात. पण संख्या उजेडात घालायला आणि परत काढायला वीज लागतेच. २०२५ मध्ये लाइटमॅटर या अमेरिकी कंपनीनं आपल्या प्रकाश-प्रोसेसरचे आकडे 'नेचर'मध्ये छापले: विजेचा खर्च ७८ वॅट, प्रकाश १.६ वॅट. मला हा आकडा प्रामाणिक वाटला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजच्या गटानं लेसर टाकून देऊन बारीक एलईडी आणि कॅमेऱ्यासारखे सेन्सर वापरून प्रकाशाचा संगणक दाखवला. तो निबंध आमच्याकडे आला तेव्हा मी दोनदा वाचून घेतला. लेसरच नको झाला तर माझं काय! एलईडीच्या प्रकाशात लाटा एका तालात नसतात, त्यामुळे आमच्या जाळीतली बेरीज-काटाकाट त्यानं होत नाही. त्यांची रचनाच वेगळी आहे. कोणती टिकेल हे ठरायचं आहे.

सध्या माझ्या टेबलावर आठ रंगांची पेटी आहे. आठही अदृश्य, १३१० नॅनोमीटरच्या आसपासचे, शेजारच्या दोहोंत जेमतेम एका नॅनोमीटरचं अंतर. पेटी दहा अंशांनी तापू दिली तर पहिला रंग दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतो. पण अडचण दुसरीच निघाली. एका खेपेतल्या बऱ्याच पेट्यांत सातवा रंग बाकीच्यांच्या आधी फिका पडू लागला. इंजिनिअर मॅडमचं म्हणणं, लेसरचा तुकडाच खराब आहे. माझं म्हणणं, त्या कोपऱ्यात गोंद सरकतो आहे. उजेड कमी होण्याची रीत तशी दिसते. दोन्ही शंकांसाठी वेगवेगळे नमुने करून ओव्हनमध्ये लावले आहेत, आणि पेट्या उघडायला अजून बराच वेळ आहे.