पंख्याचा क्लच

सपाटीवर दादांचा ट्रक तापत नसे. धावत्या गाडीचा वाराच रेडिएटरला पुरे. कसारा घाटात वेग मंदावला की मात्र काटा लाल रेघेकडे सरके. इंजिन गेले असते, तर घरचा चरितार्थच थांबला असता.

इंजिन थंड असताना मिस्त्रींनी पंखा हाताने फिरविला. तो कोठे अडलाच नाही. क्लचमधील सिलिकॉन तेल पाझरून गेले होते. उष्ण हवेने पुढची द्विधातूची पट्टी वाकते, झडप उघडते आणि हे दाट तेल पंख्याला इंजिनाच्या फिरण्याशी जोडते; तेलच नाही, तर पकड कोठली?

"बोल्टने जॅम करू," मिस्त्री म्हणाले. तोड स्वस्त खरी, पण मग गरज नसतानाही पंखा डिझेल खातो. दादांनी नवाच क्लच आणला, मांडीवर उभा धरून. आडवा ठेवल्यास तेल गळण्याचे भय. पुढल्या खेपेस घाटमाथ्यावर काटा मध्यावरच होता.