वाचता येणारा परदेश

परदेशात गेल्यावर दुकानांच्या पाट्या वाचता येणार नाहीत असंच तुम्हाला वाटत असेल ना? मग काठमांडूला जा!

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही चौघी शिक्षिका मैत्रिणी तिथे गेलो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा आणि मग डोंगरातून वळणं घेत जाणारी बस. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. शहरात उतरलो आणि पाहतो तर काय, जिकडेतिकडे देवनागरी! वाचायला अगदी सोपं. अर्थ मात्र भलताच. ‘पसल’ म्हणजे दुकान, ‘बिदा’ म्हणजे सुट्टी. बसमध्ये सगळे वाहकाला ‘दाइ, दाइ’ म्हणत होते. आपल्याकडे दाई कोण ते आईला विचारा. तिथे दाइ म्हणजे थोरला भाऊ!

‘खाजा घर’ ही पाटी दिसताच आमची मालवणची मैत्रीण तडक आत शिरली. तिला जत्रेतला गुळाचा खाजा हवा होता. समोर आले कोरडे पोहे, बटाट्याची भाजी आणि झणझणीत लोणचं. नेपाळीत खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. बाईंनी ताटली चाटूनपुसून साफ केली, ते वेगळं.

तिथलं घड्याळ आपल्यापुढे बरोब्बर १५ मिनिटं. का बरं? आपली वेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरची, त्यांची ८६। वरची. फरक पावणेचार अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. करा गुणाकार! कॅलेंडर तर त्याहून पुढे. तिथे विक्रम संवत चालतो, म्हणून मे महिन्यातल्या वर्तमानपत्रावरचा सन आपल्यापेक्षा ५७ ने जास्त असतो.

आणि साप्ताहिक सुट्टी शनिवारी. या शनिवारचं मोल मला तिथेच कळलं. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. शाळांच्या हजारो वर्गखोल्या कोसळल्या. पण वार शनिवार होता. वर्ग रिकामे होते. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे माझा वर्ग आला, ओळीने बसलेला. थोडा वेळ आम्ही कोणीच बोललो नाही.

ज्याच्यावरून शहराला नाव मिळालं, तो लाकडी काष्ठमंडपही त्या दिवशी जमीनदोस्त झाला. नंतर खणून पाहिलं, तर पाया सातव्या शतकातला निघाला. सिमेंट-काँक्रीट नको, जुन्या पद्धतीनेच बांधायचा, असा गावकऱ्यांनी हट्ट धरला. लाकूड, विटा, माती वापरून २०२२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. आत शिरलं की त्या जाडजूड खांबांना हात लावल्यावाचून राहवत नाही.

त्याच्या पायरीवर आम्ही टेकलो होतो. शेजारी दोन-तीन मुलं बसली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, “दिदी, कहाँबाट आउनुभएको?” कुठून आलात, एवढं कळलं. आम्ही सांगितलं. मग तो हिंदीत म्हणाला, “आपने समुद्र देखा है?” नेपाळला समुद्र नाही ना!

मालवणच्या बाईंना तिथून उठवायला आम्हाला अर्धा तास लागला.