त्यापेक्षा म्हाडाची लॉटरी परवडली!

शनिवार सकाळ, साडेदहा. डायनिंग टेबलावर पाच मोबाइल ओळीने मांडलेले. माझे दोन, आईचा, बाबांचा आणि ताईचा जुना, स्क्रीनला तडा गेलेला. पोह्यांची डिश ठेवायला जागा शोधत आई म्हणाली, "काय रे, दुकान टाकलंस की काय?"

दुकान कसलं! एअर जॉर्डन वन. किंमत 16,995 रुपये. आणि नुसते पैसे असून भागत नाही मंडळी, ड्रॉमध्ये नाव लागावं लागतं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही (सुखी आहात, खरंच), त्यांच्यासाठी थोडक्यात. लिमिटेड एडिशन बुटांचे जोड मोजके आणि गिऱ्हाईक ढीगभर. विकायची सरळ पद्धत म्हणजे ठरलेल्या मिनिटाला अ‍ॅपवर विक्री सुरू, जो पहिला त्याचा माल. पण तुम्ही साइज निवडून पत्ता टाकेपर्यंत बॉट नावाचं सॉफ्टवेअर डझनभर ऑर्डरी मारून मोकळं होतं. म्हणून मग ड्रॉ आला. नायकेच्या स्नीकर्स अ‍ॅपवर काही वेळा जेमतेम दोन-तीन मिनिटं एन्ट्री घेतात आणि त्यातून नावं काढतात. आपल्याकडची दुकानं जरा निवांत. नाव, नंबर, साइज भरा आणि वाट बघा. नशीब फळफळलं तर मेसेजमध्ये पैसे भरायची लिंक येते. तीही ठरावीक वेळापुरती.

पूर्वी हे सगळं रस्त्यावर चालायचं. 22 फेब्रुवारी 2005 ला न्यूयॉर्कमध्ये जेफ स्टेपलने डिझाइन केलेले 'पिजन' डंक विक्रीला आले. एकूण जोड फक्त 150. लोअर ईस्ट साइडमधल्या त्याच्या दुकानासमोर अशी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. अ‍ॅपमुळे ती रांग गेली, पण ब्लॅकवाला कुठे जातोय? 2016 मध्ये स्टॉकएक्स सुरू झालं, तिथे तर शेअरसारखी बुटांवर बोली लागते. 2021 मध्ये नायकेच्या उपाध्यक्ष अ‍ॅन हेबर्ट यांना राजीनामा द्यावा लागला. मुलाचाच स्नीकर्स रीसेलचा जोरदार धंदा आहे, हे बिझनेसवीकने छापलं होतं. म्हणजे बघा!

बाबांना हे सगळं मी मोठ्या उत्साहात सांगितलं. बाबांनी उमेदीच्या काळात म्हाडाचे चार अर्ज भरलेत, त्यामुळे लॉटरी या विषयावर त्यांचा अधिकार मोठा.

"एकूण जोड किती?"

"ते सांगत नाहीत."

"अर्ज किती आले?"

"तेही नाही."

"मग म्हाडा काय वाईट होती? घरं किती, अर्ज किती, सगळं पेपरात यायचं. नाव लागलं नाही तर निदान कितीजणांत लागलं नाही हे तरी कळायचं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाचवा फॉर्म भरत होतो. आईच्या नावाने, साइज नऊ. आईच्या चपलेचा नंबर पाच.

सोमवारी ऑफिसात आमच्या टीममधला इंटर्न भेटला. दोन महिन्यांच्या स्टायपेंडमधून पैसे बाजूला टाकलेले आणि एन्ट्री एक. फक्त एक, स्वतःच्या नावाने. "सर, हे बॉटवाले आपल्यासारख्या जेन्युइन लोकांना चान्सच देत नाहीत ना?" मी हो म्हणालो. कॉफीचा कप घेऊन जागेवर आलो तरी ते 'आपल्यासारख्या' कानात वाजत होतं. एका माणसाच्या पाच एन्ट्र्या करायला मला सॉफ्टवेअर लागलं नाही, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर काही आलं नाही. त्याच्याही नाही.

रात्री पानं घेता घेता आई म्हणाली, "अरे, आज दुपारी एक फ्रॉडचा मेसेज आला होता. अभिनंदन म्हणे! दोन तासांत सोळा हजार नऊशे पंचाण्णव भरा म्हणे, खाली लिंक. मी अशी बरी फसेन! तूच शिकवलंयस ना, लिंक दाबायची नाही, कुणाला ओटीपी द्यायचा नाही. डिलीट केला आणि नंबर ब्लॉकसुद्धा केला."

माझा घास हातातच राहिला. आईला वाटलं, भाजी तिखट झाली.

मग सगळं सांगावं लागलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण लागले होते माझ्या नावाने ना? मग ते बूट कुणाचे झाले असते?"

बाबा ताटातून मान वर न काढता म्हणाले, "वेटिंग लिस्ट असते का रे तुमच्यात?"