हळदीचा ग्लास

महाराष्ट्रात बियर प्यायला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारूला 25. आमच्या उरणच्या नातेवाईकांना हे सांगितलं की सगळे हसतात. आमच्याकडचा हिशेब वेगळा. मुलाची दहावी झाली, मिसरूड फुटलं, की एखाद्या हळदीला कुणीतरी काका नाहीतर मोठा चुलतभाऊ त्याच्या हातात ग्लास देतो. "घे रे, आता मोठा झालास!" झालं, मिळाला परवाना.

आता कुणी म्हणेल, आगरी माणसाला बदनाम करू नकोस. अहो, मीही आगरीच, घरातलंच बोलतोय. आणि 'हल्लीची पोरं बिघडली' असं म्हणून सुटण्याइतकं हे सोपं नाही.

आजोबांच्या वेळी इथे भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी. दारू तेव्हाही होती, नाही कशाला म्हणा. पण पहाटे कामाला उतरायचं असायचं आणि खिशात रोकड नसायची. 1970 मध्ये सिडको आली, मग जमिनी गेल्या. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. 1989 मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं.

पैसा आला, पण एकरकमी आला. आणि रोजचं काम मात्र गेलं. ज्याने भूखंड विकला त्याच्या हळदीला डीजे आला, टेबलावर बाटल्या किती हा मानाचा प्रश्न झाला. ज्याच्याकडे विकायला काही उरलं नव्हतं, त्यानेही कर्ज काढून तेच केलं. पोरं हे सगळं बघतच मोठी झाली.

दुसरी बाजू रस्त्यावरची. कंटेनर यार्डांच्या आजूबाजूला ट्रेलरच्या रांगा, ड्रायव्हरांसाठी टपऱ्या आणि ढाबे. शिक्षण सुटलेला मुलगा कुठल्यातरी गोदामात कंत्राटावर लागतो आणि रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तोंडात पुडी टाकतो. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, म्हणून पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत! सिगारेटचं अख्खं पाकीट परवडत नाही, पण सुटी एक परवडते. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा 2003 चा. पण यार्ड मोजायला टेप घेऊन कोण जातंय?

2019 च्या देशव्यापी पाहणीत 13 ते 15 वर्षांची 8.5 टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरताना आढळली. लक्षात घ्या, ही शाळेत जाणारी. शाळा सोडून कामाला लागलेली यात मोजलेलीच नाहीत.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. गेल्या मे महिन्यात त्याला विचारलं, "का रे घेतलीस?" तो शांतपणे म्हणाला, "मामा, नाही म्हटलं तर मी उभा कुठे राहू?"

खरं सांगतो, दारू वाईट यावर माझ्याकडे तासभराचं भाषण तयार होतं. ते तिथेच गिळलं. त्याला चव आवडली नव्हती, नशाही नको होती. त्याला पुरुषांच्या घोळक्यात जागा हवी होती, आणि त्या जागेचं तिकीट आपणच ग्लासात भरून ठेवलंय.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे कायद्याच्या नजरेत गुन्हेगार तो पोरगा नाही, ग्लास देणारा काका आहे. पण काकावर तक्रार करणार कोण? गावातलं दुकान बायकांच्या मतदानाने आडव्या बाटलीवर बंद करता येतं, मांडवातली बाटली नाही. ती घरच्यांनीच बंद करायची.

म्हणून नातेवाईकांनो, आधीच सांगून ठेवतो. येत्या डिसेंबरात पुतणीची हळद आहे. मटण असेल, बेंजो असेल, धवलारीण असेल. टेबल नसेल. वहिनीने ठणकावून सांगितलंय आणि दादाने मान डोलावलीय. कुणी रुसलं तर रुसो. आणि पंगतीची सगळी जबाबदारी भाच्यावर टाकली आहे, म्हणजे उभं कुठे राहायचं हा प्रश्न निदान त्या रात्री तरी त्याला पडणार नाही.