वाऱ्यापुढची जाळी

नागपूरच्या माणसाला आपल्या उन्हाचा एक छुपा अभिमान असतो. परगावचा पाहुणा घाम पुसू लागला, की आम्ही त्याच्या हाती पन्ह्याचा पेला देतो आणि २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हेही ऐकवतो. अर्थात हा अभिमान पंखा चालू असेपर्यंतच टिकतो!

गेल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून आला, तो दोनच माणसे मावतील अशी लालभडक, जमिनीला टेकलेली मोटार घेऊन. तीत बसताना अंगाची घडी करावी लागते आणि उतरताना ती उलगडावी लागते. येण्याचे कारण मात्र गंभीर होते. माझी थोरली बहीण, आक्का, महालातल्या जुन्या घरात एकटीच राहते. त्र्याहत्तर वर्षांच्या आईला आता कायमचे पुण्याला न्यायचे, असे त्याने ठरवले होते. पण वाटेत एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि मोटारीतला गारवाच पळाला. दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने बंपर उतरवला. रेडिएटरच्याही पुढे अॅल्युमिनियमची एक पातळ जाळी होती आणि तिच्या एका नळीला तिळाएवढे भोक पडले होते. हाच कंडेन्सर. मोटारीतली उष्णता शोषून आलेला वायू कॉम्प्रेसर दाबतो, त्याने तो आणखी तापतो. मग या जाळीतून फिरताना तो समोरच्या वाऱ्याला आपली उष्णता देऊन टाकतो आणि द्रव होतो. तोच द्रव पुढे बारीक वाटेने सुटला, की गार पडतो. म्हणजे थंडी कोणी निर्माण करीत नाही. आतली उष्णता फक्त बाहेर नेऊन टाकायची!

"इतकी नाजूक वस्तू अगदी तोंडावर कशाला?" भाचा वैतागून म्हणाला. "पुढे जाड पत्रा ठोकून टाका!"

मिस्त्री हसला. "पत्रा लावला तर वारा कुठून येईन, साहेब? अन् वारा नाही, तर गरमी कशी निघन? याले उघड्यावरच राहा लागते. फार तं बारीक जाळी लावून देतो."

मला एकदम आक्का आठवली. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लागत. आम्ही भावंडे आत गारव्यात पडून असू. पण ताटीवर पाणी बाहेरून मारावे लागते, आणि ते मारायला लूच्या झळा सोशीत आक्का उभी असे. पुढे तिने शाळेत नोकरी केली, आम्हांला शिकवले. आजही ओट्यावर दोन माठ भरून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत बसते. पुण्याला चल म्हटले, की म्हणते, "माठ कोण भरेल?"

नवी जाळी मुंबईहून यायला चार दिवस लागले. मिस्त्रीने ती बसवली, सांध्यांतल्या रबरी कड्या आणि ओल शोषणारा ड्रायरही बदलला. मग पंप लावून नळ्यांतली हवा व दमटपणा ओढून काढला. काटा हलत नाही, हे बराच वेळ पाहिल्यावरच त्याने वजन करून वायू भरला.

तिसऱ्या प्रहरी भाच्याने आईला फुटाळ्याकडे फिरवून आणले. वाटेत एका सिग्नलवर उन्हाळ्यातली हिरवी जाळी बांधलेली होती. तिच्या सावलीत दुपट्ट्यांनी तोंडे गुंडाळलेले स्कूटरवाले थांबले होते. आक्काने विचारले, "आतली उष्णता बाहेर जाते म्हणतोस, ती यांच्याच अंगावर ना रे?"

भाच्याला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर त्याने हे मला सांगितले आणि बराच वेळ तो गप्प बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजारात गेला आणि तसलीच हिरवी जाळी घेऊन आला. शिडी लावून त्याने ती स्वतः ओट्यावर बांधली. पुण्याचा विषय त्याने काढला नाही. आक्काने वर पाहिले, पदराने वारा घेऊन बघितला आणि म्हणाली, "वारा येतो आहे. असू दे."

मोटारीत एक जागा रिकामी ठेवून भाचा परत गेला. या दिवाळीला तो येणार आहे. तेव्हा ऊन नसेल. पण ओट्यावर माठ असतील, आणि त्यांच्या शेजारी आक्का असेल.