दादाचे ड्रॉइंग

माझ्या थोरल्या बंधूंचे भोसरीला लहानसे वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक ग्राइंडर आणि सहा कामगार. मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये रबरी बुश असते. तिच्यावरची पोलादी स्लीव्ह दादा तयार करतो. ती एका मोठ्या देशी कारखान्याकडे जाते आणि तेथून एका परदेशी कंपनीच्या मोटारीखाली. मोटारीवर नाव अर्थातच त्या कंपनीचे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली मोटार रस्त्यावर आली, तेव्हा तिचे बहुतेक भाग जपानहून येत. स्वदेशी भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढविण्याचे बंधन असल्यामुळे येथेच पुरवठादार घडवावे लागले. त्यांतील काहींच्या कारखान्यांत मारुतीने स्वतःचे भांडवलही घातले. १९९१ नंतर इतर परदेशी कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे मायदेशीचे पुरवठादारही. दादासारखे लोक एक पायरी खाली सरकले.

नाताळच्या आधी मी त्याच्याकडे गेलो होतो. टेबलावर ड्रॉइंग पसरलेले होते. "हे बघ," तो म्हणाला, "ही कड थोडी अधिक उतरती ठेवली, तर बुश दाबून बसवताना घासणार नाही. मी दोनदा लिहून कळवलं. बदलाला परदेशातून मंजुरी लागते म्हणाले. मग विषयच संपला."

दर मात्र दरवर्षी कमी करून द्यावा लागतो, पोलाद महागले तरी. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. दादाला ते तीन महिन्यांनी मिळतात. तक्रार का करत नाहीस, असे मी विचारले. तो नुसता हसला. खरे म्हणजे मी विचारायलाच नको होते. शेजारच्या गाळ्यातही लेथ आहेत.

तरीही तो त्यांना नावे ठेवीत नाही. "माप घ्यायला त्यांनीच शिकवलं," असे तो प्रांजळपणे सांगतो. पूर्वी तो बोटाने चाचपून माल पाठवी. आता प्रत्येक खोक्याबरोबर तपासणीचा कागद जातो. विजेच्या मोटारी आल्याने पिस्टन करणाऱ्यांच्या पोटात गोळा उठला आहे. दादाला ती भीती नाही. खड्डे तेच, सस्पेन्शनही लागणारच.

निघताना त्याने टेबलाचा खण उघडला. आत पेन्सिलीने काढलेले एक ड्रॉइंग होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी लागणाऱ्या बुशचे. खालच्या कोपऱ्यात त्याने स्वतःचे नाव लिहिले होते.

"दोन नग करून पाहिलेत," तो म्हणाला आणि खण लावून घेतला.